जावयाची अंगठी अन् बॅटरीची केबल

चहा ओतून घ्या आधी. हे सांगायला लागलो की मधी थांबता येत न्हाई, अन् थांबलो तर पुन्हा सांगायची हिंमत होत न्हाई. माझ्या हातून जे झालं ते कुठल्या तोंडानं सांगू, असं रोज वाटतं. पण उभ्या गल्लीनं ऐकलंय. तुम्हीच तेवढे राहिलाय. मग तुम्हाला कशाला उपाशी ठेवू?

मी मन्मथप्पा. नांदेडात आमच्या गल्लीत कुणालाबी विचारा, 'अप्पा कुठं राहतात?' माणूस आधी स्वतःचा खिसा चाचपून बघंल, मागं वळून बघंल, अन् मग हात करून घर दाखवंल. एवढी माझी कीर्ती! शाळा चौथी. मास्तरांच्या खुर्चीला डिंक लावला, तिथंच आमचं शिक्षण चिकटलं. पुढं चाळीस वर्षं ट्रक चालवला. अर्धापूरची केळी भरायची अन् हिरवी असतानाच पार उत्तरेत नेऊन टाकायची. आता गुडघे बोलतात, म्हणून ट्रक दारात उभा अन् मी ओट्यावर बसून.

बसल्या जागी माणसानं करायचं काय? चेष्टा! आमचा मंडपवाला रहीमभाई, माझा जुना दोस्त. त्याला एकदा आवाज बदलून फोन केला, 'हत्ती येणार हाय, हत्ती मावंल एवढा उंच मंडप पाहिजे.' बिचारा बांबू घेऊन आला की हो! वर मलाच विचारतो, "अप्पा, हत्ती किधर है?" मी म्हणलं, "अंघोळीला गेलाय, बस."

हसलात ना? हसा. मीबी असाच हसायचो.

तर माझ्या पोरीचं, महानंदाचं, सासर लातूरचं. जावई नागनाथराव. लातूरला गॅरेजात ट्रकच्या वायरिंगचं काम करतात. माणूस कसा? तर शांत. इतका शांत की घरात आला तरी कुलर चालू हाय की जावई आलाय हे कळत न्हाई. चेष्टा करावी तर हसतो, न करावी तरी हसतो. असल्या माणसाची चेष्टा करायला मजा येत न्हाई, अन् केल्याशिवाय आपल्याला राहवत न्हाई. मोठी पंचाईत!

तीन वर्षांमागं धोंड्याचा महिना आला होता. जावयाला बोलवायचं, पुरणाचे धोंडे वाढायचे, मानपान करायचा, हे तर घरोघरी होतं. आमच्या घरी काय झालं? मी एका धोंड्यात पुरणाच्या जागी कापूस भरला. चांगला पांढराशुभ्र कापूस. नागनाथरावांनी तोंडात घातला, चावला. पुन्हा चावला. सगळी मांडी ठोकायला तयार बसलेली. अन् तो माणूस काय म्हणाला असंल? गिळून म्हणाला, "छान झालाय, मामी."

आम्ही तर लोळलो हसून. हसली न्हाई ती एक विहीणबाई. त्यांची आई. नऊवारी, सडसडीत बांधा, अन् नजर अशी की दूधबी उतू जायचं थांबावं. जाताना उंबऱ्यात उभ्या राहिल्या अन् म्हणाल्या, "अप्पा, माझं पोरगं भोळं हाय, म्हणून तुमचं चालतं. पुन्हा त्याला असं मांडीवर मांडी घालून हसलात, तर आम्ही ह्या घराची पायरी चढणार न्हाई. अन् सूनबाईलाबी चढू देणार न्हाई."

बोलतात तसं करणारी बाई ती.

त्यामुळं यंदाच्या धोंड्याला महानंदाचा लातूरहून आधीच फोन. "अप्पा, हात जोडते. या वेळी काय करू नका. आत्याबाई अजून तो कापूस काढतात. माझं माहेर तुटंल."

"न्हाई गं बाई, न्हाई करत."

"शपथ घ्या."

"तुझी शपथ, धोंड्याला हात लावणार न्हाई."

बघा, मी धोंड्याची शपथ घेतली. अंगठीची घेतली होती का? न्हाई ना?

हितंच माझी अक्कल फिरली. जावयाला यंदा सोन्याची अंगठी करायची, हे घरात ठरलं होतं. माझ्या म्हातारीनं, म्हणजे बायकोनं, सराफाकडून आणलीबी. साधी, गोल, वर बेलाचं पान. अन् दुसऱ्याच आठवड्यात मला जत्रेतल्या पथारीवर तशीच पितळेची दिसली. तसंच पान! तुम्हीच सांगा, देवानं समोर आणून ठेवल्यावर मी डोळे झाकायचे का? घेतली. डाव असा, की आधी पितळेची घालायची, जावई चार जणांना 'सोनं, सोनं' म्हणून दाखवंल, अन् पान खायच्या वेळेला मी खिशातून खरी काढायची. सगळे हसतील, जावयाला खरं सोनं मिळंल, कुणाचं काय जात न्हाई. असा माझा हिशोब.

दिवस उगवला. ऊन म्हणजे ऊन! गल्लीत पन्नास एक पान जेवायला. मी ट्रक शेजारच्या भिंतीला अगदी चिकटवून उभा केला, मधी जेमतेम हातभर जागा. अन् रहीमभाईनं मंडपाचं कापड एकीकडं आमच्या गच्चीला अन् दुसरीकडं ट्रकाच्या हुकांना बांधलं. झकास सावली! रहीमभाई म्हणाला, "अप्पा, अब गाडी हिलाना नक्को. गाडी हिली तो पूरा मंडप लोगां के सर पे."

"हौ रे बाबा, कुठं जातो मी गाडी घेऊन?" मी म्हणलं.

लातूरची मंडळी आली. म्हातारीनं तबकात तेहतीस अनारसे मांडून, वर दिवा लावून वाण दिलं. जोडीचे पाय धुतले. मग मी पुढं झालो. जावयाच्या बोटात अंगठी सरकवली. डाव्या खिशात खरी, बोटात खोटी, अन् माझ्या पोटात हसू मावेना.

नागनाथरावांनी अंगठीकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. मग वाकून माझ्या पायाला हात लावला अन् आईकडं वळून मोठ्यानं म्हणाले, "आई, लई जड हाय गं!"

लई जड! अहो, शेंगदाण्याच्या टरफलाएवढं तिचं वजन! मला तर ठसकाच लागला.

विहीणबाईंनी चष्मा काढला. "बघू."

तर जावयानं हात मागंच घेतला. "राहू दे आई, जेवून घे आधी. निवांत बघ."

'वा रे बहाद्दर,' मी मनात म्हणलं, 'पार गळाला लागला!'

त्या आनंदात मी काय केलं, तर वाजंत्री न्हाई तर न्हाई, म्हणून केबिनमधी चढलो अन् हॉर्न वाजवला. माझ्या ट्रकाचा हॉर्न साधा न्हाई बरं. पुंगीच्या चालीचा हाय. घाटात वाजवला की समोरचा ट्रकवाला डुलायला लागायचा. तर तो वाजवला. पाहुणे खुश. पोरं नाचली. मी बटन सोडलं.

हॉर्न काय थांबंना.

बटन हलवलं, थोपटलं, उपटलं. किल्ली काढली. हॉर्न चालूच! कारण हा हॉर्न मीच जोडलेला. फ्यूज सारखा उडायचा, म्हणून फ्यूजच काढून टाकला अन् वायर थेट बॅटरीला. चाळीस वर्षांचा अनुभव ना! वायर कापावी, तर केबिनच्या छतात मी टाकलेल्या सगळ्याच्या सगळ्या वायरी लाल. पुसदला एकदा लाल वायरीचं भेंडोळं स्वस्तात मिळालं होतं. कुठली हॉर्नची अन् कुठली कशाची, देव जाणे.

पंगत बसलेली. कुणाला काय पाहिजे ते ऐकू येईना. वाढप्यांनी कढी मागणाऱ्याला भात अन् भात मागणाऱ्याला पुन्हा भात वाढायला सुरुवात केली. गच्च्यागच्च्यांवर माणसं गोळा झाली. आता एकच उपाय, बॅटरीची केबल काढायची. अन् बॅटरीची पेटी कुठं? भिंतीकडच्या बाजूला! त्या हातभर जागेत! अन् गाडी हलवावी तर मंडप पंगतीवर.

मी पाना घेतला अन् घुसलो. आडवा होऊन. डोकं गेलं, खांदा गेला, पोट न्हाई गेलं. पुढंबी जाईना, मागंबी येईना. अंगावर भिंतीचा चुना, कानात पुंगी. तरी हात लांबवून पाना टाकलाच होता. कुठल्या केबलला? लाल! आयुष्यभर आधी लालच काढली मी. वर हातात माझं जुनं चांदीचं कडं, अन् पाना उघडा.

तेवढ्यात मागून कुणीतरी माझं धोतर, म्हणजे धोतरासकट मला, जोर लावून बाहेर ओढलं. नागनाथराव! शांत माणूस, पण त्या दिवशी चेहरा असा पांढरा पडला होता की मीच घाबरलो. माझ्या हातातला पाना काढून घेतला. पान्याच्या डोक्याजवळ बोट नेऊन दाखवलं. तिथं लोखंडाचा लचका तुटलेला होता, जुन्या एका ठिणगीनं खाल्लेला. मला ते ठाऊक होतं, त्यांना बघितल्याबरोबर कळलं.

मग त्यांनी कामाची तयारी चालवली. रहीमभाईच्या सायकलची जुनी रबरी ट्यूब आणवली. पान्याला पार दांड्यापासून तोंडापर्यंत गुंडाळली, नुसतं तोंड उघडं. दुसरा ट्यूबचा तुकडा खिशात घातला. अन् मग त्यांनी काय केलं?

बोटातली अंगठी काढली. अन् माझ्यासमोर धरली.

सगळ्या पंगतीच्या देखत!

बोलले काहीतरी, पण पुंगीपुढं ऐकू काय येणार? नुसते हातवारे दिसले. अंगठीकडं बोट केलं. नको नको म्हणून हात हलवला. मग ट्रकाकडं बोट केलं. मग पुन्हा अंगठी माझ्यापुढं.

आता माझ्या जागी तुम्ही असता तर काय समजला असता? मी समजलो, गड्यानं ओळखलं! 'ही अंगठी खरी न्हाई, असल्या भंगार ट्रकवाल्याकडून घेत न्हाई,' असंच म्हणून राहिला हा माणूस!

अन् पंगतीनं काय समजावं? जावयानं धोंड्याची अंगठी सासऱ्याला परत केली! असं कधी घडलंय का कुठं? धोंड्यात जावयाला दिलेलं कुणी परत घेत न्हाई, अन् जावई परत देत न्हाई. नुसती देवाणघेवाण न्हाई हो, नातं तुटल्याची खूणच ती.

म्हातारीनं पदर तोंडाला लावला. महानंदा वाढायची पळी घेऊन जागच्या जागी उभी, पळीतून आमटी थेंब थेंब गळून राहिली. मी अंगठी घेतली अन् जावयाचा हात धरून जबरदस्तीनं बोटात घातली. त्यांनी काढली. मी घातली. त्यांनी काढली. वरून बघणाऱ्यांना वाटलं असंल, सासरा-जावयाचं काहीतरी नवीन लग्न लागून राहिलं. शेवटी नागनाथरावांना घाई झाली. त्यांनी अंगठी माझ्या सदऱ्याच्या त्याच डाव्या खिशात कोंबली, वरून खिसा थोपटला, अन् आडवे होऊन भिंतीच्या फटीत शिरले.

इकडं विहीणबाई भरल्या ताटावरून उठल्या.

हात धुतले. पिशवी उचलली. महानंदाच्या हातातली पळी काढून खाली ठेवली अन् तिचा दंड धरला. 'चल.' ऐकू आलं न्हाई, पण दिसलं. पोरगी माझ्याकडं बघून राहिली. रागानं न्हाई. रागानं बघितलं असतं तर मी एखादा विनोद केला असता. ती अशी बघत होती जणू घराकडं शेवटचं बघून घ्यावं.

माझी सारी चेष्टा त्या क्षणाला पाणी झाली. दोन उड्यांत मी विहीणबाईंपुढं जाऊन उभा. हात जोडले. "विहीणबाई, पोरीचा काय दोष न्हाई! जावयाचाबी न्हाई!" पुंगी जोरात. त्यांनी तोंड फिरवलं. मी फिरून पुढं गेलो. "माझं ऐका!" कुठलं ऐकतात! मग मी छाती भरून श्वास घेतला, गळ्याच्या शिरा ताणल्या अन् ट्रकचालकाच्या आवाजात, सगळी ताकद लावून ओरडलो...

अन् नेमकं त्याच वेळेला फटीत नागनाथरावांनी केबल काढली.

हॉर्न थांबला. सगळी गल्ली चिडीचूप. अन् त्या शांततेत माझा आवाज गच्च्यागच्च्यांवर गेला, कोपऱ्यावरच्या किराणावाल्यापर्यंत गेला.

"अंगठी पितळेची हाय! मी फसवलंय जावयाला! सोन्याची माझ्या खिशात हाय!"

कावळाबी ओरडला न्हाई हो त्या वेळेला. एरवी किती कलकलाट असतो!

पहिला आवाज रहीमभाईचा. "अप्पा," तो हळूच म्हणाला, "हाथी वाला मजाक अच्छा था. ये क्या कर दिए तुम?"

फटीतून नागनाथराव आडवे आडवे बाहेर आले. नव्या पांढऱ्या ड्रेसवर एका बाजूला भिंतीचा चुना, दुसऱ्या बाजूला ट्रकाचं काळं. केसांत कोळिष्टक. हातातल्या पान्याला ट्यूब तशीच.

"मामा," ते म्हणाले, "तुम्ही लाल केबल आधी काढत होतात. पाना बॉडीला टेकला असता तर संपलंच असतं. तिथं पाना फिरवायला बोटभरबी जागा न्हाई, टेकणारच. आधी काळी काढायची, बॉडीची. मग पाना कुठंबी टेकू दे, काय होत न्हाई. जोडताना उलटं, काळी शेवटी."

"हां," मी म्हणलं.

"अन् हातात कडं. आमच्या गॅरेजात एकाची अंगठी अशीच मधी सापडली. लाल झाली हो बोटातच. काढायला येईना. म्हणून आम्ही अंगावर धातू ठेवत न्हाई. हॉर्न चालू होता, म्हणून केबल सुटताना ठिणगी पडणारच होती. पेटीचं झाकण काढून, आतला गॅस उडून जावा म्हणून जरा वारं लागू दिलं, अन् तोंड बाजूला करून ओढली. लालवर ट्यूबचा तुकडा टाकलाय. आता कुणी हात लावू नका."

मी खुळ्यासारखं विचारलं, "म्हणजे... अंगठी तुम्ही परत... परत न्हाई दिली?"

"परत? धराया दिली, मामा! तेच तर सांगून राहिलो होतो. अंगठी घालून बॅटरीत हात घालत न्हाईत, ट्रकाचं काम झालं की घालतो, तोवर धरा."

घ्या! म्हणजे त्या माणसाला काहीच कळलं नव्हतं, अन् मीच आपण होऊन गल्लीभर दवंडी दिली! कुणाला कळलं नसतं. हॉर्न थांबला असता, अंगठी बोटात गेली असती, पान खायच्या वेळेला मी चूपचाप खरी बदलली असती, अन् कुणाच्या बापाला पत्ता लागला नसता! मी डोक्याला हात लावला. मनात म्हणलं, मन्मथप्पा, तुझ्याएवढा मूर्ख तूच.

थांबा. इथं किस्सा संपला असता तर मी आजबी तो हसत सांगितला असता.

विहीणबाईंनी पिशवी खाली ठेवली नव्हती. "नागनाथ," त्या म्हणाल्या, "ऐकलंस ना? पितळ घातलं ह्यांनी तुझ्या बोटात. अन् तू 'लई जड' म्हणून नाचत होतास. किती भोळं असावं माणसानं?"

नागनाथराव पान्यावरची ट्यूब सोडवत होते. वर न बघता म्हणाले, "आई, मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"पितळ हाय ते. दिवसभर माझे हात बॅटरीच्या पितळी क्लॅम्पातच असतात. बोटात सरकली तेव्हाच कळलं."

मी म्हणलं, "मग बोलला का न्हाईत? 'लई जड' का म्हणलात?"

त्यांनी आता माझ्याकडं बघितलं. मग आवाज खाली घेऊन, फक्त मला ऐकू जाईल एवढ्यानं म्हणाले, "मला वाटलं, यंदा तुमची ओढाताण असंल. ट्रक उभाच हाय, काम बंद हाय. तरी जावयाचा मान राहावा म्हणून मामांनी कसंतरी केलं. आईनं चष्मा लावला असता तर चार माणसांत तुमची शोभा झाली असती. म्हणून म्हणलं जड हाय."



मी त्याला फसवत होतो अन् तो मला झाकत होता. मी खिशात सोनं ठेवून हसत होतो, अन् तो पितळ बोटात घालून माझ्या पायाला हात लावत होता. आईपासून हात मागं घेतला तो माझ्यासाठी. अन् मी काय म्हणलं होतं? 'गळाला लागला.'

खिशात हात घातला. दोन्ही अंगठ्या तिथंच एकमेकींत मिसळलेल्या. काढल्या. हातावर घेतल्या. चष्मा घरात, डोळ्यांत पाणी, ऊन डोळ्यावर. मला ओळखू येईनात हो! जत्रेत छाती फुगवून घेतली होती, की कुणाला फरक कळणार न्हाई. कुणाला म्हणजे मला, हे तेव्हा ध्यानात आलं न्हाई.

नागनाथरावांनी माझ्या तळहातावरची एक उचलली. "ही सोन्याची," म्हणाले. पण बोटात घातली न्हाई. आईच्या हातात दिली. "आई, आता चष्मा लाव अन् बघ."

विहीणबाईंनी बघितली. लेकाकडं बघितलं. माझ्याकडं बघितलं. तेवढ्यात नागनाथराव म्हणाले, "अन् मामा स्वतः बॅटरीत हात घालायला निघाले होते, उघडा पाना घेऊन. मंडपाखालच्या माणसांचे कान फुटू नयेत म्हणून. ते चेष्टेत न्हाई केलं त्यांनी." खोटं! मी माझ्या हॉर्नची इज्जत वाचवायला घुसलो होतो. पण दुसऱ्यांदा झाकलं त्यानं मला. एकाच दुपारी दोनदा.

विहीणबाईंनी पिशवी भिंतीला टेकवली. "सूनबाई, ताट पुन्हा वाढ माझं," एवढंच म्हणाल्या. माझ्याशी त्या दिवशी एक शब्द न्हाई. बरोबर केलं.

पंगत पुन्हा बसली. मी बसत नव्हतो, रहीमभाईनं ओढून बसवलं. जावयाच्या शेजारी. जावयाच्या बोटात सोन्याची अंगठी, अन् पितळेची माझ्या. कुणी घालायला लावली न्हाई. माझी मीच घातली. आता महिनाभर झाला, बोट पार हिरवं पडलंय. लोक विचारतात, "अप्पा, हे काय?" मी म्हणतो, "धोंड्याचा मान."

महानंदा धोंडे वाढत आली. जावयाला वाढला. माझ्या ताटात एक ठेवला. तिथंच उभी राहिली.

मी तोंडात घातला. चावला.

कापूस.

वर बघितलं. पोरगी हसत नव्हती. म्हातारी हसत नव्हती. विहीणबाई कढी भुरकत होत्या, पण डोळा माझ्यावर. सगळ्या पंगतीत कुणी मांडी ठोकली न्हाई. मी चावत राहिलो. लाळेनं त्याचा गोळा होतो हो, अन् तो घशात अडकतो. वर जात न्हाई, खाली जात न्हाई. डोळे पांढरे व्हायची वेळ. कसाबसा गिळला. अन् पोरीकडं बघून म्हणलं, "छान झालाय."

शेजारून नागनाथरावांनी गुपचूप आपला पाण्याचा तांब्या माझ्यापुढं सरकवला.

मी घटाघट प्यालो. अन् पिता पिता आठवलं. तीन वर्षांमागं, कापूस गिळल्यावर ह्याच माणसानं इकडंतिकडं बघितलं होतं. तांब्या माझ्याच पुढ्यात होता. अन् मी हसायच्या नादात तो सरकवला नव्हता.